गवताचा वेग

मनोज देवरेच्या गवताचा वेग काही केल्या वाढेना.

सकाळपासून तो संगणकासमोर बसून एकच काम करत होता. पडद्यावर बारीक कातरलेली हिरवळ, मध्ये एक खड्डा, खड्ड्यात झेंडा आणि अलीकडे एक पांढरा चेंडू. मनोज माऊस मागे ओढायचा आणि हलकेच पुढे ढकलायचा. चेंडू निघायचा, मांडवात रुसलेल्या व्याह्यासारखा थोडं चालायचा आणि अर्ध्या वाटेत बसकण मारायचा. मनोज गवताचा आकडा वाढवायचा, पुन्हा ढकलायचा. चेंडू पुन्हा बसायचा.

"अजून पोचत नाही का रे?" शेजारच्या टेबलावरून संध्याने विचारलं. ती त्याच मैदानाची झाडं आणि वाळूचे खड्डे काढायची.

"पोचतोय कसला! कालच्या श्रीखंडाने त्यालाही सुस्ती आलीय."

"मलाही तसंच वाटतंय. हातच जड झालाय. झाड इथे लावायला जावं तर माऊसचा बाण तिथेच अडकून राहतो."

दसरा कालच झाला होता, त्यामुळे दोघांनाही ते पटलं.

ही कचेरी कॉलेज रोडला, एका मिठाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. मालक खंडेराव बोरस्ते. आधी त्यांची द्राक्षांच्या औषधांची एजन्सी होती, मग फवारणीच्या पंपांची. पुढे जो तो उठून कॉम्प्युटर म्हणायला लागला, तेव्हा खंडेरावांनी पंपांच्या जागी कॉम्प्युटर मांडले आणि पाटी बदलली. बोलायची पद्धत मात्र त्यांनी तीच ठेवली. शेतकऱ्याला जसं छातीठोक सांगायचं, "मारा तुम्ही औषध, करपा गेलाच समजा," तसंच ते अमेरिकेलाही सांगत. आणि अमेरिकेने त्यावर विश्वास ठेवून एक काम दिलं होतं. गोल्फ नावाच्या खेळाचा व्हिडिओ गेम निघणार होता आणि त्यातलं समुद्रकाठचं एक मैदान नाशकात तयार व्हायचं होतं.

कचेरीत कोणी गोल्फ पाहिलेला नव्हता. पण त्याने काही अडलं नाही. चेंडू काठीने लांब मारायचा, मारत मारत खड्ड्याजवळ आणायचा आणि शेवटी हलकेच ढकलून खड्ड्यात घालायचा, एवढं सगळ्यांना समजलं होतं. खड्ड्याभोवतीच्या कातरलेल्या हिरवळीला ग्रीन म्हणतात. तिच्यावर चेंडू किती घरंगळेल ते एका आकड्यावर ठरतं. आकडा मोठा तर गवत वेगवान, लहान तर गवत मंद. तो आकडा ठरवायचं काम मनोजकडे होतं. अमेरिकेने कळवलं होतं की आकडा साधारण दहाच्या आसपास येईल. पण खरी कसोटी अशी, की हलक्या हाताने ढकललेला चेंडू खड्ड्याच्या तोंडाशी पोचला पाहिजे.

दहावर तो पोचत नव्हता. बारावर नाही, चौदावरही नाही.

"साहेब, आकडा फारच वर चाललाय," मनोज खंडेरावांना म्हणाला.

खंडेराव मागे येऊन उभे राहिले. "ढकल बरं."

मनोजने ढकलला. चेंडू अर्ध्यात थांबला.

"मग वाढव की! कागदावर एकरी अमुक औषध लिहिलेलं असतं. आपण शेतात जाऊन पान बघतो. डोळ्याला दिसतं ते खरं."

आकडा वाढत वाढत एकोणिसावर गेला, तेव्हा कुठे चेंडू हळूच जाऊन खड्ड्याच्या काठावर टेकला. खंडेरावांनी टाळी वाजवली. सगळ्या ग्रीनना एकोणिसाच्या आसपासचे आकडे मिळाले. संध्याच्या मशीनवर तपासलं, तिथेही बरोबर. हिशेब आणि इंग्रजी पत्रव्यवहार बघणाऱ्या मयूरच्या मशीनवर तपासलं, तिथेही बरोबर. काम अमेरिकेला रवाना झालं.

मनोजला या कामाची घाई होती, त्याला कारण होतं. मालेगावच्या पुंजा शेवाळ्यांची मुलगी तृप्ती त्याला पसंत होती आणि तृप्तीला तो. पुंजा शेवाळ्यांचं यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान होतं. माणूस सरळ, पण ज्या वस्तूला हात लावता येत नाही तिच्यावर त्यांचा भरवसा नसे. मुलगा नाशकात कॉम्प्युटरवर आहे, एवढ्यावर ते सुपारी फोडायला तयार नव्हते. एक दिवस काही न कळवता ते कचेरीत येऊन उभे राहिले. मनोज त्या वेळी चेंडू ढकलत होता.

"राम राम. हाई काय चालू शे?"

मनोज ताडकन उठला. "या मामा, बसा. हे काम चालू आहे."

पुंजा शेवाळ्यांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. "हाई काम शे का खेय शे?"

"खेळच आहे, पण तो तयार करायचं काम आहे. मी गवताचा वेग ठरवतो."

"गवताचा?"

"हो. गवत किती वेगाने… म्हणजे फास्ट आहे की स्लो."

"गवत कधी पयस का?" पुंजा शेवाळ्यांनी खंडेरावांकडे पाहून विचारलं. शहाण्याने शहाण्याला विचारावं तसं.

खंडेराव गडबडले नाहीत. "अहो शेवाळे, गवत पळत नाही, त्याच्यावरून चेंडू पळतो. अमेरिकेत हे काम करायला माणूस मिळेना म्हणून आपल्याकडं आलं. तुमचे जावई होणारे म्हणून सांगतो, नाशिक जिल्ह्यात हे काम करणारा हा एकटाच माणूस आहे."

हे खरंही होतं.

"नोकरी पक्की शे?"

"हे काम अमेरिकेनं पास केलं की दुसऱ्या दिवशी पक्की. माझा शब्द."

"मंग पास झालं का सुपारी फोडू," पुंजा शेवाळे म्हणाले आणि चहा पिऊन गेले. जिना उतरताना ते स्वतःशीच पुटपुटत होते, "गवताचा वेग! आमच्याकडं वेग बैलाचा इचारतस."

त्यानंतर आठवडाभरात अमेरिकेचा निरोप आला. मयूरने तो मोठ्याने वाचला आणि मग मराठीत सांगितला. झाडं सुंदर, वाळू सुंदर, समुद्र फारच सुंदर. पण तुमच्या ग्रीनवर चेंडू थांबतच नाही. नुसता हात लावला की खड्डा ओलांडतो, ग्रीन ओलांडतो, उतारावरून निघतो तो थेट समुद्रात जाऊन पडतो. आमच्या एका माणसाने दिवसभर खेळूनही एकसुद्धा चेंडू खड्ड्यात गेला नाही. गवत आहे की काच?

खंडेरावांनी सगळ्यांना आपापल्या मशीनवर चेंडू ढकलायला लावला. सगळीकडे तो हळूच जाऊन खड्ड्याच्या काठाशी टेकला.

"बघा. सगळे चेंडू खोटं बोलतील का?" खंडेराव म्हणाले.

"त्यांच्याकडे काहीतरी वेगळं असणार," मयूर म्हणाला. मयूरकडे प्रत्येक गोष्टीचं कारण असे. "त्यांच्याकडे वीज एकशेदहाची असते साहेब. आपल्याकडे दोनशेवीसची."

"अरे मग त्यांचा चेंडू हळू जायला पाहिजे!" संध्या म्हणाली.

"मग हात. गोऱ्यांचे हात दणकट असतात. आपण ज्याला हलका म्हणतो, तो त्यांचा हलका नाही."

खंडेरावांना हे पटलं. त्यांनी मयूरकडून उत्तर लिहवून घेतलं की आमच्याकडे सर्व मशीनवर तपासणी झालेली आहे, गवतात दोष नाही, कृपया चेंडू हळू ढकलावा.

अमेरिकेला हे पटलं नाही. तिकडून पुन्हा निरोप आला, आधीपेक्षा आखूड आणि त्यात 'सुंदर' हा शब्द एकदाही नव्हता.

मनोज खंडेरावांकडे गेला. "साहेब, आकडा थोडा खाली आणून बघू का? त्यांनी दहाच म्हटलं होतं."

"आणि मग चेंडू अर्ध्यात थांबला तर? नापास करतील. त्यापेक्षा आपण खरं गवत बघून येऊ."

देवळालीला लष्कराचं गोल्फचं मैदान आहे असं कोणीतरी सांगितलं. खंडेरावांनी मनोज, संध्या आणि मयूरला जीपमध्ये घातलं आणि निघाले. आत सोडायला पहारेकऱ्याने नकार दिला. "इधर से देखो, जितना देखना है," तो म्हणाला. मग चौघे तारेच्या कुंपणाला नाक लावून उभे राहिले. बऱ्याच वेळाने लांब एक पिकल्या मिशांचा साहेब आला. त्याने वाकून, नेम धरून चेंडू ढकलला. चेंडू निघाला आणि खड्ड्याच्या हातभर अलीकडे थांबला. साहेबाने काठी जमिनीवर आपटली.

"बघितलं?" खंडेराव हर्षाने म्हणाले. "थांबतो! खऱ्या गवतावर चेंडू थांबतो. लोकांना खऱ्या गवताचा किती त्रास होतो ते बघा. आपलं गवत त्याच्यापेक्षा चांगलं आहे, हेच त्यांना खुपतंय."

मनोजला यातून काय शिकायचं ते कळलं नाही. पण मालकाने इतक्या लांब जीप आणल्यावर काहीतरी शिकलो असं म्हणणं भाग होतं. तो म्हणाला, "हो साहेब."

दिवाळी झाल्यावर तिसरा निरोप आला. आमचे डग्लस साहेब कामानिमित्त मुंबईला आले आहेत, ते गुरुवारी स्वतः नाशकाला येऊन गवत पाहतील. स्वतःचा कॉम्प्युटर आणि स्वतःचा माऊसही आणतील, म्हणजे वादाला जागा राहणार नाही. गवत बरोबर निघालं तर काम पास, नाहीतर इथेच थांबवू.

त्याच दिवशी मालेगावहून पुंजा शेवाळ्यांचा फोन आला. "पास झालं का?"

"गुरुवारी होईल मामा."

"का गवत अजून पयच ऱ्हायनं?"

मागून तृप्तीचा आवाज आला, "बाबा, फोन द्या ना इकडे," आणि फोन कट झाला. कामाचं फिसकटलं तर मनोजला कळवणला काकाच्या खतांच्या दुकानात बसावं लागणार होतं. आणि खताच्या दुकानातल्या मुलाला पुंजा शेवाळे मुलगी देणार नव्हते, कारण तसे दोन त्यांनी आधीच नाकारले होते.

गुरुवारी सकाळी खंडेरावांनी कचेरी झाडूनपुसून घ्यायला लावली. दाराला झेंडूचं तोरण लागलं. खंडेरावांच्या आई सगुणाबाई औक्षणाचं ताट घेऊन पहाटेच निफाडहून निघाल्या होत्या. खंडेरावांच्या घरात कोणतंही काम आईच्या हाताशिवाय सुरू होत नसे. पंपाच्या एजन्सीचं दार त्यांनीच उघडलं होतं, कॉम्प्युटरचंही त्यांनीच.

संध्या स्पिरिटचा कापूस घेऊन टेबलं पुसत होती. पुसता पुसता तिने मनोजचा माऊस उलटा केला. त्याच्या खालच्या बाजूला लालपिवळा राप चढला होता.

"ई, हे बघ. साहेबाने उलटा करून बघितला तर?"

"पुसू नको. आईंचं कुंकू आहे. पुजलेलं अवजार पुसायचं नाही, आपणहून उडू द्यायचं, असं त्या म्हणाल्यात."

"त्या यायच्या आत पुसते." संध्याने खालची चकती फिरवली. आतली गोळी तिच्या तळहातावर पडली. गोळीमागून तीन-चार पिवळे तांदूळ पडले. आतल्या बारीक रुळांवर मध, हळद आणि धूळ यांचा एक थर इतका पक्का बसला होता की तो तिला नखाने खरवडावा लागला.

मग मनोजला दसऱ्याच्या आदल्या दिवशीची खंडेनवमी आठवली.

त्या दिवशी सगुणाबाई पूजेचं ताट घेऊन टेबलाशी आल्या होत्या. त्यांनी पडद्याला हार घातला आणि मग हातात कुंकवाची बोटं धरून थबकल्या. "याच्यातलं काम करणारं अंग कोणतं रे पोरा?"

"म्हणजे, आई?"

"इळ्याची पूजा धारेवर करत्यात, मुठीवर नाय. नांगराची फाळावर. पंपाची तोंडावर. ह्याची धार कुठं हाय?"

मनोजने थोडा विचार केला होता. आणि मग आपणहून, कोणी सांगितलेलं नसताना, माऊस उलटा करून खालची गोळी त्यांना दाखवली होती. "ही फिरते आई. सगळं हिच्यावर चालतं."

"आसं सांग की!" सगुणाबाईंनी गोळीवर ओलं हळदकुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या, आणि नैवेद्य म्हणून पंचामृतात बोट बुडवून ते गोळीभोवती नीट फिरवलं. कचेरीतल्या एकाही माऊसला त्यांनी उपाशी ठेवलं नाही.

"संध्या," मनोज हळू आवाजात म्हणाला, "लाव बरं ती गोळी."

तिने पुसलेली गोळी बसवली. मनोजने एकोणिसाच्या गवतावर चेंडूला नुसतं बोट लावल्यासारखं ढकललं. चेंडू सुटला. खड्डा ओलांडला, ग्रीन ओलांडला, उतार धरला, संध्याने काढलेल्या दोन माडांच्या मधून गेला आणि समुद्रात पडला. तिने समुद्राला पाणी उडायचा आवाजही दिलेला होता, तोही ऐकू आला.

"आई गं," संध्या म्हणाली. "सगळी अमेरिका खरं बोलत होती."

मनोज धावत खंडेरावांकडे गेला आणि तांदूळ दाखवले. खंडेरावांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा आधी पडला आणि मग कडक झाला.

"म्हणजे माझ्या आईनं पूजा केली म्हणून काम बिघडलं, असं म्हणतोस?"

"तसं नाही साहेब…"

"मग कसं? आजवर तिनं पुजलेला एकही पंप बंद पडला नाही. आणि पूजा करताना धार दाखवली कोणी?"

मनोजने तांदूळ मुठीत मिटले.

"साहेबासमोर हे एक अक्षर बोलायचं नाही. जा, जेवढे आकडे खाली आणता येतील तेवढे आण."

मनोज धावत जागेवर आला. त्याने पहिल्या ग्रीनचा आकडा दहावर आणला. स्वच्छ माऊसने ढकलून पाहिलं. चेंडू डौलात जाऊन खड्ड्याच्या तोंडाशी थांबला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच गवत गवतासारखं वागलं होतं. त्याने तेवढं साठवलं आणि दुसरा ग्रीन उघडला, तोच खाली गाडीचा हॉर्न वाजला. डग्लस साहेब वेळेच्या आधी आला होता. आकडे राहिले ते राहिले. मयूरने होतं तसं काम साहेबाच्या कॉम्प्युटरवर घालायला घेतलं.

डग्लस हा उंच, घामाघूम, पण हसरा माणूस निघाला. दारात सगुणाबाईंनी त्याच्यावरून तांदूळ ओवाळले, कपाळाला टिळा लावला. तो इतका खूष झाला की दोन्ही हात जोडून तिथेच वाकला, आणि टिळा अर्धा त्याच्या नाकावर आला. मग त्याला मागच्या खोलीत नेऊन पुरणपोळी वाढली. वर तूप सगुणाबाईंनी स्वतः वाढलं. तो नको म्हणायला शिकलेला नव्हता.

जेवण उरकून साहेब टेबलाशी आला. त्याने हात पुसले, पिशवीतून आपला माऊस काढला आणि ठेवला. सगळे मागे अर्धवर्तुळात उभे राहिले. पहिला ग्रीन सोडला तर बाकी सगळ्या ग्रीनवरून चेंडू समुद्रात जाणार होता, आणि चेंडूच्या मागोमाग नोकरी, सुपारी आणि तृप्तीही.

"थांब रे बाबा," सगुणाबाई म्हणाल्या. "पाव्हण्याचं अवजार तसंच वापराय घेतो का? एवढ्या लांबून, समुद्र वलांडून आलंय. दिष्ट लागली आसंल त्याला."

मयूरने हे इंग्रजीत सांगितलं. डग्लसचे डोळे चमकले. त्याने दोन्ही हातांनी माऊस उचलून सगुणाबाईंपुढे धरला.

सगुणाबाईंनी कुंकवात बोट बुडवलं आणि मनोजकडे पाहिलं. "काम करणारं अंग खालीच ना रे?"

संध्याने ओठ दाबून धरले. खंडेरावांनी मनोजकडे पाहिलं आणि लगेच तोरणाकडे बघायला लागले. तोरणात बघण्यासारखं काही नव्हतं.

मनोजच्या मनात एका क्षणात बरंच काही येऊन गेलं. मग तो पुढे झाला, साहेबाच्या हातातला माऊस त्याने अदबीने उलटा केला आणि म्हणाला, "हो आई. ही फिरते. हिच्यावरच सगळं आहे."

"मग हिलाच देते." सगुणाबाईंनी पाहुण्याचा मान म्हणून हळदकुंकू दुप्पट लावलं, अक्षता मूठभर टाकल्या आणि पंचामृताचं बोट दोनदा फिरवलं. डग्लसने त्याचा फोटो काढून घेतला.

तपासणी सुरू झाली. पहिल्या ग्रीनवर साहेबाने चेंडू हलकेच ढकलला. चेंडू चार पावलं चालला आणि बसला. साहेबाने कपाळाला आठ्या घातल्या, पुन्हा ढकलला. चेंडू पुन्हा बसला.

"काय म्हणतो?" खंडेरावांनी मयूरला विचारलं.

"म्हणतो, हे गवत फारच मंद आहे."

दुसऱ्या ग्रीनवर चेंडू निघाला, तुपात तळलेल्या करंजीसारखा अलगद सरकत गेला आणि खड्ड्याच्या काठावर टेकला. साहेब खुर्चीत पुढे सरकला. तिसऱ्यावर तेच. चौथ्यावर चेंडू आतच पडला. साहेबाने मनोजच्या पाठीवर थाप मारली. मग तो हाताची बोटं चोळत काहीतरी बोलला.

"म्हणतो, तुमच्या जेवणाने हात जरा जड झालाय," मयूरने सांगितलं, "पण गवत अव्वल आहे. आमच्या तिकडच्या लोकांना हळू हाताने खेळताच येत नाही, असं म्हणतो. पास. फक्त पहिला ग्रीन तेवढा बाकीच्यांसारखा करून द्या."

खंडेरावांनी मनोजला बाजूला घेतलं. "पहिला कोणी बिघडवला?"

"मीच, साहेब."

"मग नीट करून टाक."

मनोज जागेवर येऊन बसला. संध्याने खुर्ची जवळ ओढली. "अरे, खरं काय ते सांगून टाक ना त्याला. माणूस चांगला आहे."

"काय सांगू?"

"जे खरं आहे ते."

"खरं पहिल्या ग्रीनवर होतं," मनोज म्हणाला. "ते नापास झालं." आणि त्याने दहाचा आकडा पुसून तिथे एकोणीस घातला.

साहेब संध्याकाळी मुंबईला गेला. जाताना त्याने माऊस रुमालात गुंडाळून नेला, कुंकू पुसलं जाऊ नये म्हणून. खंडेरावांनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी मनोज पक्का झाला. त्याने मालेगावला फोन लावला, तेव्हा पुंजा शेवाळे एवढंच म्हणाले, "पास झालं म्हणजे पयत व्हईनच."

अमेरिकेत पुढे काय झालं ते मयूरला तिकडच्या एका ओळखीच्याकडून कळलं. तिकडच्या कचेरीतले सगळे म्हणत होते की चेंडू समुद्रात जातो. पण डग्लस साहेबाच्या टेबलावर, त्याच्या माऊसने, तो बरोबर खड्ड्याशी थांबत होता. आणि साहेबाने नाशकाला जाऊन स्वतः तपासलेलं गवत चुकीचं आहे, हे साहेबाला सांगणार कोण? तिथेही सगळ्यांना नोकरी होती. कोणी म्हणालं, आपला हात दणकट असेल. कोणी म्हणालं, वीज वेगळी असेल. गेम बाजारात आला. खेळणारे हैराण झाले, पण इतकं अवघड मैदान दुसरं नाही म्हणून हट्टाने तेच खेळत राहिले. खंडेरावांनी पाटीवर एक ओळ वाढवली: 'वेगवान गवताचे तज्ज्ञ'. त्या पाटीमुळे गंगापूर रोडच्या एका बंगलेवाल्याने खरोखरचं लॉन लावून द्याल का म्हणून विचारलं, आणि खंडेराव हो म्हणाले. पण ती गोष्ट वेगळी.

लग्न उन्हाळ्यात मालेगावला झालं. मंगलाष्टकं सुरू झाली, आणि चारी बाजूंनी अक्षता यायला लागल्या. मांडवात सगळ्यांत पुढे सगुणाबाई होत्या. त्यांच्या ओंजळीत मावत नव्हत्या एवढ्या अक्षता त्यांनी घेतल्या होत्या आणि नेमही चांगला होता. मनोजच्या कानामागे, कॉलरीत, मुंडावळ्यांत, सगळीकडे पिवळे तांदूळ अडकले. तृप्ती हळूच म्हणाली, "मान तरी हलवा, किती साचलेत!" पण मनोज जागचा हलला नाही.

पंगती उठल्यावर पुंजा शेवाळे पान चघळत जावयाशेजारी येऊन बसले. त्यांच्या चेहऱ्यावर आता काळजी नव्हती, पण शंका होती.

"जवाईबुवा, एक इचारू का? आते तरी सांगा. ते गवत नेमकं कितीनं पयस?"

मनोजने कॉलरीतून एक तांदूळ काढला, बोटांत धरून जरा वेळ पाहिला आणि सासऱ्यांच्या हातावर ठेवला.

"ते मामा, अक्षता किती पडल्यात त्याच्यावर आहे."